हा, तो आणि पलीकडचा तो : स्पॅनिश भाषेची पहिली ओळख

परमुलखात गेलेल्या माणसाला तिथले व्याकरण येत नसले तरी दोन दिवस निभावता येते. पण बोट दाखवून ‘हे द्या’, ‘ते नको’ एवढे म्हणता आले नाही, तर त्याचे पानही हलत नाही. म्हणून कोणतीही भाषा शिकताना नामांच्या आणि क्रियापदांच्या आधी ही बोट दाखवणारी विशेषणे हाताशी असावीत, असे माझे मत आहे. व्याकरणात त्यांना दर्शक विशेषणे म्हणतात. आजच्या लेखात स्पॅनिश भाषेतील दर्शक विशेषणे आणि रोजच्या वापरातील थोडी वाक्ये यांची ओळख करून घेऊ.

‘स्पॅनिशच का?’ असे कोणी विचारील. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. स्पेन हा त्यांतला एक. बाकी बहुतेक देश अटलांटिकच्या पलीकडे, मेक्सिकोपासून थेट अर्जेंटिना-चिलीपर्यंत पसरलेले. ही भाषा आईच्या तोंडून शिकलेले लोक पन्नास कोटींच्या आसपास आहेत. व्यापार, प्रवास, भाषांतर, शेतीसंशोधन अशा कितीतरी वाटा तिच्यामुळे मोकळ्या होतात.

पण आमच्या कोरेगावकडच्या मुलांचा प्रश्न निराळाच असतो. “सर, आमचं इंग्रजीच कच्चं, त्यात आणखी स्पॅनिश कसं जमणार?” मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी हे विचारतो तेव्हा त्याने मनाशी एक गोष्ट धरलेली असते : जगातली प्रत्येक भाषा इंग्रजीच्या दारातूनच आत जाऊन शिकायची असते. पुस्तकेही तशीच मिळतात. त्यांत स्पॅनिश शब्दापुढे इंग्रजी अर्थ असतो, आणि मुलगा आधी इंग्रजी समजून घेण्यातच दमून जातो. हा समज किती फोल आहे, हेच मला आज दाखवायचे आहे. पुष्कळ ठिकाणी इंग्रजीपेक्षा आपली मराठीच स्पॅनिशच्या अधिक जवळ उभी आहे.

ही वाट आपल्या माणसांनी पूर्वी तुडवलेली आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक म्हणून देशाबाहेर पडले. गदर चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि बरीच भटकंती करून १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी मोठे काम केले. डिएगो रिव्हेरा या थोर मेक्सिकन चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जी भित्तिचित्रे रंगवली, त्यांतल्या एकात भाकरी वाटणारा पुरुष म्हणून खानखोज्यांनाच चितारले आहे. १९६७ साली नागपूरला त्यांचे निधन झाले. आता विचार करा, मेक्सिकन शेतकऱ्याच्या मुलांना मका शिकवायचा तर तो काही वऱ्हाडीतून शिकवता येत नाही. ‘हे कणीस’, ‘ते कणीस’ इथपासून सगळे स्पॅनिशमधूनच बोलावे लागते. वर्ध्याच्या माणसाला ते जमले, तर साताऱ्याच्या माणसाला न जमायला काय झाले?

आणि मेक्सिको आपल्याला वाटतो तितका परका नाही. कोरेगावच्या बाजारात एक फेरी मारा. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दर्यावर्दी तिकडे गेल्यानंतरच ती आपल्याकडे आली. आपला वाघ्या घेवडा घ्या. अंगावर वाघासारखे तांबडे पट्टे मिरवणाऱ्या या कोरेगाव तालुक्याच्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याचे कूळ शोधत गेलो तर तो राजम्याचा सख्खा भाऊ, आणि राजम्याचे माहेर मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. मेक्सिकोत या दाण्याला ‘फ्रिखोल’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

प्रथम उच्चारांविषयी दोन शब्द. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. ते नेहमी तसेच उच्चारले जातात. इंग्रजीसारखे एकच अक्षर चार तऱ्हांनी वाचण्याची भानगड नाही. त्यांचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखाच दातांना जीभ लावून होतो. इंग्रज माणसाला तिथे ‘ट’ आणि ‘ड’ यांच्याशी झगडावे लागते. आपल्याला काही करावे लागत नाही. ‘व’ लिहिला तरी तो ‘ब’कडे झुकतो. ‘ह’ लिहितात, पण उच्चारीत नाहीत. म्हणून नमस्कारवजा ‘होला’ असे लिहिलेला शब्द बोलताना ‘ओला’ होतो. मी पुढे जे उच्चार देतो ते साधारणपणे लॅटिन अमेरिकेतले समजावेत. स्पेनमध्ये काही ठिकाणी ‘स’च्या जागी ‘थ’सारखा आवाज ऐकू येतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. मराठीत जवळच्याला आपण ‘हा’ म्हणतो आणि लांबच्याला ‘तो’. आपल्या पायऱ्या दोनच. स्पॅनिशमध्ये त्या तीन आहेत :

एस्ते — बोलणाऱ्याच्या जवळचा, म्हणजे माझ्याजवळचा हा.
एसे — ऐकणाऱ्याच्या जवळचा, म्हणजे तुझ्याजवळचा तो.
आकेल — दोघांपासूनही दूरचा, म्हणजे पलीकडचा तो.

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्याकडे शब्द दोन असले तरी समज तिन्हींची आहे. शिवारात उभा असलेला गडी म्हणतो, “ह्यो बैल नव्हं, त्यो तुझ्याजवळचा बी नव्हं, त्यो पल्याडचा.” झाले! एस्ते, एसे, आकेल या तिन्ही पायऱ्या त्याने एका दमात सांगितल्या. फरक इतकाच की, आपण ‘तुझ्याजवळचा’, ‘पल्याडचा’ असे शब्द जोडून जे काम करतो, ते स्पॅनिश माणूस एका शब्दात उरकतो. संस्कृत शिकलेल्यांना तर याचे मुळीच नवल वाटू नये. संस्कृतात एतद्, इदम्, अदस् आणि तद् अशी चार सर्वनामे असून, अगदी निकटचे, जवळचे, दूरचे आणि नजरेआडचे असा त्यांचा भेद वैयाकरणांनी सांगितला आहे. गोव्यात साडेचारशे वर्षे, म्हणजे १९६१ पर्यंत, ज्यांचा अंमल होता त्या पोर्तुगीजांच्या भाषेतही अशाच तीन पायऱ्या आहेत.

स्थळवाचक शब्दही याच हिशेबाने चालतात. ‘आकी’ म्हणजे इथे, माझ्यापाशी. ‘आई’ म्हणजे तिथे, तुझ्यापाशी. ‘आयी’ म्हणजे तिकडे, दूर. मधला शब्द ऐकून आपल्याला आपली आई आठवेल, पण त्यात जोर ‘ई’वर द्यायचा, एवढे ध्यानात असू द्या.

हे तीन शब्द नीट कळायचे तर बाजारासारखी दुसरी शाळा नाही. समजा, मेक्सिकोतल्या एखाद्या मंडईत तुम्ही उभे आहात. दुकानदारीणबाईंच्या पुढ्यात घेवड्याची एक रास आहे, आणि मागे भिंतीशी दुसरी. संवाद असा होईल :

ग्राहक : ब्वेनोस दीआस. क्वान्तो क्वेस्तान एसोस फ्रिखोलेस? (नमस्कार. तो घेवडा काय भाव?)
बाई : एस्तोस? (हा का?)
ग्राहक : नो, एसोस नो. आकेयोस. (नाही, तो नाही. पलीकडचा तो.)
बाई : आ, आकेयोस! (अच्छा, तो पलीकडचा!)

इथे एक गंमत घडली. रास एकच, पण तुम्ही तिला ‘एसोस’ म्हटले आणि बाईंनी ‘एस्तोस’. कारण ती तुमच्या दृष्टीने समोरच्याजवळची, आणि बाईंच्या दृष्टीने स्वतःजवळची. बोलणारा बदलला की एस्ते आणि एसे आपापसांत जागा बदलतात. भिंतीजवळची रास मात्र दोघांपासूनही लांब, म्हणून तिला दोघांनीही ‘आकेयोस’च म्हटले. जी वस्तू दोघांच्या बोलण्यात एकाच नावाने राहते ती आकेल, आणि जी उलटसुलट होते ती एस्ते-एसे. एवढी खूणगाठ बांधलीत तर निम्मा विषय संपला. प्रत्यक्ष बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, पुष्कळदा ‘एसे’च ‘आकेल’चेही काम करून जातो. पण शिकताना तिन्ही वेगळे ठेवावेत.

वर ‘एस्ते’चे ‘एस्तोस’ कसे झाले, हे आता पाहू. मराठीत आपण हा मुलगा, ही मुलगी, हे मुलगे, ह्या मुली असे म्हणतो. लिंग आणि वचन बदलले की विशेषणही बदलते. स्पॅनिशमध्ये अगदी तसेच आहे :

एस्ते, एस्ता, एस्तोस, एस्तास — हा, ही, हे, ह्या.
एसे, एसा, एसोस, एसास — तो, ती, ते, त्या (तुझ्याजवळचे).
आकेल, आकेया, आकेयोस, आकेयास — तो, ती, ते, त्या (पलीकडचे).

तीन पायऱ्या आणि प्रत्येकीची चार रूपे, म्हणजे बारा झाली. आता मराठीचा हिशेब करा. हा, ही, हे. अनेकवचनी हे, ह्या, ही. तो, ती, ते. अनेकवचनी ते, त्या, ती. मोजा बरे! दोन पायऱ्या, प्रत्येकी सहा जागा, म्हणजे याही बाराच. इंग्रजीत मात्र दर्शक शब्द अवघे चार, आणि लिंगाचा तर पत्ताच नाही. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्याला चारांवरून बारांवर चढावे लागते, आणि तुम्ही बारांवरून बारांवर जाता. शिवाय आपल्याला ‘हा मुलगा’ याचे ‘या मुलाला’ असे सामान्यरूप करावे लागते. स्पॅनिशमध्ये ती कटकट नाही. पुढे मागे काहीही आले तरी ‘एस्ते’ हा ‘एस्ते’च राहतो.

अडचण येते ती लिंगाच्या बाबतीत. स्पॅनिश नामांना दोनच लिंगे आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. साधारणपणे ओकारान्त नाम पुल्लिंगी आणि आकारान्त नाम स्त्रीलिंगी. पुस्तक म्हणजे ‘लिब्रो’, म्हणून ‘एस्ते लिब्रो’. घर म्हणजे ‘कासा’, म्हणून ‘एस्ता कासा’. आपली पुस्तक आणि घर ही दोन्ही नामे नपुंसकलिंगी, पण स्पॅनिशमध्ये एक पुरुष ठरले आणि दुसरी स्त्री. तेव्हा नाम पाठ करताना सुटे करू नये, विशेषणासकट करावे. ‘मानो’ म्हणजे हात. ओकारान्त असूनही तो स्त्रीलिंगी, म्हणून ‘एस्ता मानो’. ‘दीआ’ म्हणजे दिवस. आकारान्त असूनही तो पुल्लिंगी, म्हणून ‘एस्ते दीआ’. असे अपवाद थोडे आहेत, पण रोजचेच आहेत.

मग नपुंसकलिंगाचे काय झाले? ते नामांतून गेले, पण दर्शकांत राहिले. ‘एस्तो’, ‘एसो’, ‘आकेयो’ अशी तीन रूपे आहेत. ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही, किंवा एखाद्या संबंध गोष्टीविषयी बोलायचे आहे, तिथे ती वापरतात. ‘के एस एस्तो?’ म्हणजे ‘हे काय आहे?’ वस्तूचे लिंग ठाऊक नसताना आपण ‘हे’ म्हणतो, तसाच त्यांचा ‘एस्तो’. हा वापर मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. मात्र इथे एक खड्डा आहे. ओकारान्त म्हणजे पुल्लिंगी असे ऐकल्यामुळे ‘एस्तो लिब्रो’ म्हणण्याचा मोह होतो. शिवाय मराठीत ‘हे पुस्तक’ हे नपुंसकलिंगी असते, तो संस्कारही मागून ढकलतो. पण ‘एस्तो’च्या पुढे नाम कधीच येत नाही. तो एकटाच उभा राहतो. नामाच्या आधी ‘एस्ते’च हवा.

दुसरा खड्डा उच्चाराचा आहे. ‘एस्ता’ म्हणजे ‘ही’. यात जोर पहिल्या ‘ए’वर. तोच जोर शेवटी गेला की ‘एस्ताऽ’ होते, आणि त्याचा अर्थ ‘आहे’. लिहिताना तेव्हा शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ देतात. ‘एस्ता कासा’ म्हणजे ‘हे घर’, आणि ‘एस्ताऽ एन कासा’ म्हणजे ‘तो घरी आहे’. रेघेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो : जुन्या पुस्तकांत ‘एस्ते’ एकटा, नामाशिवाय आला तर त्याच्या पहिल्या स्वरावरही तिरकी रेघ दिलेली दिसते. स्पॅनिश अकादमीने २०१० च्या लेखननियमांत ती अनावश्यक ठरवली आहे. तेव्हा जुने पुस्तक आणि नवे पुस्तक यांत फरक दिसला तर गोंधळू नका.

ही विशेषणे काळालाही लागतात. ‘एस्ता नोचे’ म्हणजे आज रात्री, ‘एस्ते आन्यो’ म्हणजे यंदा. आणि आपण ‘त्या काळी’ म्हणतो तिथे ते ‘एन आकेयोस तिएम्पोस’ म्हणतात. पलीकडची रास आणि पलीकडचा काळ, दोहोंना शब्द एकच.

आता मराठीची खरी करामत पाहा. ‘मला हा पाव आवडतो’ हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते असे होते : ‘मे गुस्ता एस्ते पान.’ मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो, एस्ते म्हणजे हा, पान म्हणजे पाव. वाक्याची ठेवण आपल्यासारखीच आहे. आवडण्याचा कर्ता मी नसून पाव आहे. म्हणून वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही अनेकवचनी होते : ‘मे गुस्तान एस्तोस फ्रिखोलेस.’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य उलटे वाटते आणि ते अंगवळणी पडायला त्याला बराच काळ लागतो. तुमच्या अंगवळणी ते जन्मापासून पडलेले आहे. इंग्रजीचा वळसा घेतला तर हा आयता लाभ हातचा जातो. म्हणूनच माझा आग्रह आहे की, वहीत स्पॅनिश शब्दापुढे सरळ मराठी अर्थ लिहावा.

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. आपला पाव, साबण, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. स्पॅनिशमध्ये पाव म्हणजे ‘पान’, साबण म्हणजे ‘खाबोन’, चावी म्हणजे ‘यावे’, आणि ‘पगार’ उच्चारला जातो ‘पागार’. अर्थ ‘पैसे देणे’.

आता रोजच्या वापरातील थोडी वाक्ये. मोठ्याने म्हणत पाठ करावीत :

ओला — काय, बरं आहे ना? (भेटल्यावर, घरगुती.)
ब्वेनोस दीआस — सकाळचा नमस्कार.
ब्वेनास तार्देस — दुपारनंतरचा नमस्कार.
ब्वेनास नोचेस — रात्री भेटताना आणि निरोप घेतानाही.
कोमो एस्ताऽ उस्तेद? — आपण कसे आहात?
कोमो से यामा उस्तेद? — आपले नाव काय?
मे यामो… — माझे नाव…
पोर फाबोर — कृपा करून.
ग्रासियास — आभारी आहे.
दे नादा — त्यात काय एवढे!
पेर्दोन — माफ करा.
नो एन्तियेन्दो — मला समजत नाही.
मास देस्पासियो, पोर फाबोर — जरा सावकाश बोला.
दोन्दे एस्ताऽ ला एस्तासियोन? — स्टेशन कुठे आहे?
क्वान्तो क्वेस्ता एस्तो? — हे केवढ्याला?
आस्ता मान्याना — उद्या भेटू.

‘दीआस’ पुल्लिंगी म्हणून ‘ब्वेनोस’, आणि ‘तार्देस’, ‘नोचेस’ स्त्रीलिंगी म्हणून ‘ब्वेनास’, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. घरच्या माणसाला, मित्राला ‘तू’ म्हणतात. त्यांचा शब्दही ‘तू’च! वडीलधाऱ्याला, अनोळखी माणसाला आणि दुकानदाराला ‘उस्तेद’ म्हणणे बरे. ‘उस्तेद’ हा ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनातून झिजून तयार झाला, म्हणून त्याच्यापुढचे क्रियापद तृतीय पुरुषी असते. ‘सरकारांनी बसावं’ म्हणणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना हे लगेच उमगले असते.

मराठी सगळीकडेच मदतीला येते असे मात्र समजू नका. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत. ‘मी शिक्षक आहे’ यात ‘सोय’ आणि ‘मी घरी आहे’ यात ‘एस्तोय’. जे मूळचे, ओळखीचे, ते पहिल्याने सांगायचे. जागा आणि तात्पुरती अवस्था दुसऱ्याने. क्रियापदांची रूपेही पुष्कळ आहेत, आणि ती घोकण्यावाचून गत्यंतर नाही. पुण्या-मुंबईकडे स्पॅनिशचे वर्ग चालतात. नवी दिल्लीत स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था आहे. पुढे जायचे तर त्यांची मदत घ्यावी. पण पहिला महिना घरच्या घरी काढता येतो.

तो असा काढावा. दोघांनी समोरासमोर बसावे. मध्ये घरातल्याच वस्तू मांडाव्यात : एक माझ्यापाशी, एक तुझ्यापाशी, एक दाराशी. एकाने बोट दाखवून ‘एस्ते’, ‘एसे’ किंवा ‘आकेल’ म्हणावे, आणि दुसऱ्याने आपल्या बाजूने उत्तर द्यावे. मग जागा बदलाव्यात. रोज दहा मिनिटे पुरेत. वस्तूचे नाव अडले तर एक वाक्य पाठ असू द्या, कारण त्याच्या जोरावर बाकीची भाषा लोकांच्याच तोंडून गोळा करता येते : ‘कोमो से दीसे एस्तो एन एस्पान्योल?’ म्हणजे ‘याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?’ त्यातला ‘एस्तो’ आता तुमच्या ओळखीचा झाला आहे. उरलेले शब्द एकेक करून होतील.